मंगळावर केळी नाहीत

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मंगळावर केळी नाहीत. शंभर कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरही नव्हती. आज मी हे छातीठोकपणे सांगतोय, पण दोन वर्षांपूर्वी सलग अकरा दिवस मी याच्या बरोबर उलट जगलो, आणि खोटं कशाला बोलू, अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात एवढे मजेचे अकरा दिवस दुसरे गेले नाहीत. लग्नानंतरचे धरूनसुद्धा. हे वाक्य घरात मोठ्याने वाचलं जाणार नाही, एवढी काळजी मी घेईन.

माझं काम दगड कापायचं. खाणीतलं नव्हे. बुऱ्हाणपुरातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं दगडाचे काप काढले. पद प्रयोगशाळा सहायकाचं, हाताखाली एक करवत, एक काचेची पाटी आणि पाण्याचा नळ. लोक विचारायचे, महाजन, तुम्ही कॉलेजात काय शिकवता? मी म्हणायचो, दगडांना पारदर्शक व्हायला शिकवतो. ते हसायचे, पण त्यात थट्टा काहीच नव्हती. दगड कितीही काळा असो, तो पुरेसा पातळ केला की त्यातून उजेड जातो. हिऱ्याच्या करवतीने त्याची बर्फीएवढी वडी कापायची, ती काचपट्टीवर चिकटवायची, मग पाटीवर पाणी आणि पावडर टाकून घासत बसायचं. आधी जाड पावडर, मग मध्यम, मग मैद्यासारखी. कागदाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका काप उरला की थांबायचं. दोन हात जास्त फिरले तर काचेवर फक्त काच उरते, आणि दोन दिवसांची मेहनत नळाच्या पाण्यातून वाहून जाते. असं माझ्या हातून चौतीस वर्षांत सात वेळा झालं. सातही दगड मला आजही नावानिशी आठवतात.

तो काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की दगड आपली जन्मकुंडली सांगायला लागतो. पण त्यासाठी उजेडाच्या दोन चाळण्या लागतात. एक कापाच्या खाली, दुसरी वर. शास्त्रात त्यांना मोठं नाव आहे, मी चाळणीच म्हणतो. दोन्ही एकमेकींना आडव्या लावल्या की उजेड अडतो, सगळा अंधार. पण मध्ये दगडाचे स्फटिक असले तर ते उजेडाला वळवतात आणि अंधारात झळकतात. काच किंवा गोंद मध्ये असेल तर तिथे काळंच राहतं. गारेचा म्हणजे क्वार्ट्झचा कण वरच्या चाळणीतून राखाडी दिसला की समजायचं, काप बरोबर जाडीचा झाला. बाकी सगळे कारागीर असंच तपासतात. मी तपासत नव्हतो. मला बोटाच्या टोकाला आणि कानाला कळायचं. घासताना दगडाचा आवाज बदलतो, खरखर जाऊन सरसर येते. निवृत्त झाल्यावर कॉलेजने मोडीत काढलेला मायक्रोस्कोप मी सिंधीपुऱ्यातल्या घरी आणला, तेव्हा त्याची वरची चाळणी तडकलेली होती. बदलून घ्या, असं दोघा-तिघांनी सांगितलं. मी म्हटलं, महाजनाला वरची चाळणी लागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला ते फार महागात पडलं.

निवृत्तीनंतर ओसरीत मशीन लावलं आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. एक-एक नमुने. खकनारहून एक गृहस्थ लाल कापडात काळा दगड गुंडाळून आले. आकाशातून शेतात पडला म्हणे. सहा महिने देव्हाऱ्यात पूजला होता, वरती कुंकवाचा थर. ते हात जोडून म्हणाले, बस एवढं लिहून द्या, का हा वरचा आहे. मी कुंकू धुतलं, काप काढला, आणि आत बुडबुडेच बुडबुडे. वीटभट्टीतला खंगर होता तो, जळून वितळलेली वीट. मी सांगितलं, तर गृहस्थ संतापले. म्हणाले, गावभर माझा दगड आभाळातला होता, तुम्ही एका दुपारात भट्टीतला करून टाकला. मी त्यांना चहा पाजला आणि ऐटीत समजावलं, दादा, वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. दुसऱ्याच्या दगडाला नाही म्हणताना माझी जीभ फार सैल चालायची.

आता वैदेही. निंबोल्याच्या मुरलीधर पाटलांची मुलगी. घरी केळीचा बाग, बापाला वाटायचं पोरगी शेतीचं काहीतरी शिकेल, ती येऊन बसली आमच्या दगडांत. बी.एस्सी.ला असताना ती इतर मुलांसारखी काप बघून जायची नाही, माझ्याशेजारी उभी राहून घासायची. तिची नखं झिजली, पण तिचा पहिला काप तिसऱ्या प्रयत्नात उतरला. मला पहिला उतरवायला दोन महिने लागले होते. मी तिला वैदू म्हणतो, ती मला काका. पुढे ती शिकत शिकत दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत शास्त्रज्ञ झाली आणि तिने एक दिवस फोनवर सांगितलं की ती परग्रहावरचे जीव शोधते.

मी विचारलं, दुर्बिणीतून? ती म्हणाली, नाही काका, दगडातून.

मग तिने मला जे समजावलं ते मी आमच्या नलूला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं, तिने शेजारणींना, असं करत ते निम्म्या सिंधीपुऱ्याला पाठ झालं. मंगळावर कधी जीव असलेच, तर ते शिंगवाले-सोंडवाले नसणार. डोळ्याला न दिसणारे जंतू असणार, आणि तेही फार फार जुने, मंगळावर पाणी होतं तेव्हाचे. आता उरले असतील तर दगडातल्या खुणा. पण त्या खुणा दिसतात कशा, हे शिकायचं कुठे? तर आपल्याच पृथ्वीच्या सगळ्यात म्हाताऱ्या दगडांत. नर्मदेपलीकडे विंध्याच्या डोंगरांत शंभर कोटी वर्षांहून जुना चुनखडी दगड आहे. त्यात कोबी उभा चिरल्यासारखे थर दिसतात. ते जंतूंनी घातलेले. उथळ पाण्यात जंतूंची साय धरायची, तिच्यावर गाळ बसायचा, गाळावर पुन्हा साय. त्या थरांत मधूनमधून काळ्या गारेचे पापुद्रे असतात, आणि त्या गारेत नशिबाने एखादा जंतू जसाच्या तसा सापडतो. गोम अशी की निर्जीव गोष्टीही असले थर आणि असले धागे तयार करतात. जीव नसताना जीव दिसतो. म्हणून वैदू म्हणायची, काका, हो म्हणणं सोपं आहे, मी नाही म्हणायचं शास्त्र शिकतेय. मंगळावरचा दगड उद्या हातात आला तर तो कसा तपासायचा, हे नियम ठरवणारा एक गट तयार होत होता. त्यात एक जागा होती. त्यासाठी तिला पाच जाणत्यांपुढे भाषण द्यायचं होतं. तिला ती जागा हवी होती, आणि तिच्याहून जास्त मला हवी होती.

तिने विंध्यातला एक दगड माझ्याकडे पाठवला. म्हणाली, भुसभुशीत आहे, आमच्या मशीनवर दोनदा फुटला, आता हाताचंच काम आहे आणि हात तुमचा पाहिजे. सोबत एक कागद होता. दगडाला जे जे शिवेल ते सगळं त्यावर लिहायचं. एकूण एक वस्तू. मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: करवत, पाणी, पावडर, रेझिन, काच, रबरी हातमोजे. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतलं मिसळून करायचा गोंद. भुसभुशीत दगडात तो आधी जिरवतात, म्हणजे भेगा भरतात आणि दगड कापताना सांडत नाही.

पण गोंद जिरेपर्यंत दगड एकसंध राहणार कसा? इथे माझी खासियत. तार बांधली तर दगडात रुतते, रबर बांधलं तर गोंदात विरघळून चिकटतं. मी तीस वर्षं असे दगड केळीच्या ओल्या सोपटाने बांधत आलो. केळीच्या खोडाचा पापुद्रा म्हणजे सोपट. आमच्याकडे भाजीची जुडी, फुलांची माळ, गवताचा भारा, सगळं सोपटाने बांधतात. ओलं असताना कसं पाहिजे तसं वळतं, वाळलं की आवळून बसतं, आणि काम झालं की सुरीने सोडवता येतं. माझा हा शोध मी कौतुकाने सगळ्यांना दाखवायचो.

तो दगडही मी सोपटाने बांधला. आणि यादीत लिहिलं नाही. लपवलं असं कोणी म्हणू नका. सुचलंच नाही. बुऱ्हाणपुरात सोपट ही काही वस्तू आहे का? आपण श्वास घेतला हे कोणी यादीत लिहितो का?

काप अप्रतिम उतरला. मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि माझे हातच थांबले. गारेच्या पापुद्र्याशेजारी तपकिरी धागे. साधे सरळ नव्हे, स्प्रिंगसारखे वळसे घेतलेले. एक, दोन, पाच. मी चष्मा पुसला, डोळे पुसले, नलूला बोलावलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "हे तर जितं वाटून राहिलं."

मोबाइल भिंगाला लावून फोटो काढले आणि वैदूला पाठवले. एका मिनिटात तिचा फोन.  तिने शंभर प्रश्न विचारले. रंग कसा? तपकिरी. हे फार चांगलं, कारण जुन्या जीवाचं असंच कोळसा होत जाणारं तपकिरी काहीतरी उरतं. आजूबाजूला भेग दिसते का? नाही दिसत. वरच्या चाळणीतून कसं दिसतं? मी म्हटलं, वैदू, ती तडकलीय, पण मला तिची गरज नाही. ती म्हणाली, बरं, काप आला की मी बघेनच. मग तिने ते सांगितलं ज्याने माझं डोकं फिरलं. म्हणाली, काका, हे खरं निघालं तर निबंधात तुमचं नाव येणार.

चौतीस वर्षांत माझ्या कापांवर किती जणांनी निबंध छापले, किती जण डॉक्टर झाले. शेवटी आभारात एखाद्याने लिहिलं तर लिहिलं, 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार'. मी कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. पण वाईट वाटायचं. खूप वाटायचं.

तर मग ते अकरा दिवस. मी न्हाव्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, खकनारच्या त्या खंगरवाल्या गृहस्थांना मुद्दाम फोन करून सांगितलं. माझ्या चालण्यात फरक पडलाय असं नलू म्हणायची. सिंधीपुऱ्यात बायका तिला विचारायच्या, वहिनी, मंगळवाल्यांना जेवायला काय लागते? ती म्हणायची, अजून कळलं नाही, पण ह्यांच्या हातचा चहा चालणार नाही.

कुरियरवर भरवसा नको म्हणून वैदूने ठरवलं की काप तिचे वडील, मुरलीभाऊ, स्वतः घेऊन येतील. शनिवारी संध्याकाळची गाडी, सोमवारी सकाळी ते थेट सभागृहात पोचणार, दुपारी भाषण. मुरलीभाऊंनी शनिवारी दुपारी निंबोल्याला बागेत वरण-बट्टीची पंगत ठेवली. माझ्या सत्कारासाठी! काप लाकडी डबीत, डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात, खिशावर माझा हात. मी नवरदेवासारखा बसलो होतो.

मांडीपुढे केळीचं पान आलं. त्याचा देठ लांब होता, पान कलत होतं आणि वरण वाहणार अशी चिन्हं. म्हणून मी देठ हाताने मोडला आणि तुकडा बाजूला ओढला. तुकडा बाजूला गेला, पण तुटला नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये कोळिष्टकासारखे बारीक धागे ताणले गेले. लहानपणी हजार वेळा बघितलेले. मी आणखी ओढलं, धागे लांबले. सैल सोडलं, धागे गुंडाळले. स्प्रिंगसारखे.

बट्टी पानात तशीच राहिली. वाढणारा तूप घालून पुढे गेला. मुरलीभाऊ समोरून म्हणत होते, खा ना महाजन, लाजून काय राहिले. मी बोटावरचे धागे बघत होतो, आणि बघता बघता बोटावरचा चीक तपकिरी होत गेला, जसा केळीचा चीक होतोच, कपड्यावर पडला की जन्मात जात नाही तो. देठाचा तुकडा मुठीत धरून मी उठलो. चष्मा घरी राहिला म्हणालो. चष्मा नाकावर होता.

नलूला स्कूटरवर मागे घेतलं आणि सिंधीपुरा गाठला. रस्ताभर ती विचारत होती आणि मी स्कूटर पळवत होतो. घरी येऊन देठातला एक धागा काचेवर ठेवला. तोच. मग एका बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरची काच उचकटून तिच्यावरची पातळ फिल्म सोलली. तीही उजेडाची चाळणीच असते. तडकलेलीच्या जागी ती लावली आणि आपला काप खाली ठेवला. गार झळकत होती, चुनखडी रंगीबेरंगी झळकत होती, आणि माझ्या धाग्यांभोवती काळं. मिट्ट काळं, आणि त्या काळ्यात धागे तेवढे चमकत होते. तिथे दगडच नव्हता. तिथे भेग होती, भेगेत माझा गोंद होता, आणि गोंदात सोपटातून सुटलेली मुरलीभाऊंच्या बागेतली केळ पोहत होती. साध्या उजेडात गार आणि गोंद सारखेच दिसतात, म्हणून भेग दिसली नव्हती. पहिल्या दिवशी ही दहा मिनिटांची तपासणी केली असती तर! सोमवारी त्या पाचांतला कोणीतरी वरची चाळणी सरकवणारच होता, आणि सगळ्यांदेखत वैदूच्या कोट्यवधी वर्षांची वरण-बट्टी होणार होती.

मी नलूला सांगितलं. आणि लगेच, लाज वाटते पण लिहितो, मी काप डबीतून काढून हातात धरला. म्हटलं, नलू, काच आहे, हातातून पडू शकते. स्कूटरवरून येताना फुटली म्हणून सांगू. वैदू दुसऱ्या विषयावर बोलेल, तिचं काही जाणार नाही. आणि माझंही.

नलू सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. खोटं बोलणारी पोरं तिने रोज बघितलेली. ती ओरडली नाही. "फुटली तर पोरीला जन्मभर वाटत राहणार का आपल्या हातात होतं न् गेलं," ती म्हणाली. "ती त्या डोंगरात शोधतच राहील. तुम्ही मजेत दाढी करायला जाल."

मी काप डबीत ठेवला आणि फोन लावला.

सगळं सांगितलं. देठ, धागा, चीक, फिल्म, काळं.   ती हळूच म्हणाली, "काका, यादीत का नाही लिहिलं?"

"वैदू, सोपट लिहायचं असतं हे मला सुचलंच नाही गं."

 पलीकडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. पोरगी हसत होती. हसता हसता रडतही होती बहुतेक, पण हसत जास्त होती. म्हणाली, काका, मी बागेत वाढले, तो देठ मोडून धाग्यांचे झोके करत मोठी झाले, आणि ते फोटो मी अकरा दिवस टेबलावर लावून ठेवलेत. मलाही दिसलं नाही. मग तिचा आवाज बदलला, कामाचा झाला. "काप पाठवा. फोडू नका, धुऊ नका. तसाच पाठवा." मी तर फोडण्याबद्दल तिला अवाक्षर बोललो नव्हतो.

मुरलीभाऊंना सांगणं त्याहून अवघड होतं. मी स्टेशनवर डबी त्यांच्या हातात दिली आणि खाली बघून सगळं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं, डबीकडे बघितलं, आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सोपट कोणाच्या बागेतलं होतं?"

"तुमच्याच."

"मग बराबर आहे," ते म्हणाले. "आपल्या केळीचं सूत मजबूतच राहते." आणि गाडीत जाऊन बसले.

सोमवारचं मला वैदूने नंतर सांगितलं. तिने भाषणाची सुरुवातच त्या कापाने केली. कुठला, कोणाचा, काही सांगितलं नाही. पडद्यावर तपकिरी वळसे दाखवले आणि पाचही जाणत्यांना विचारलं, जीव आहे की नाही? तिघे म्हणाले, आहे. एक म्हणाले, सांगता येत नाही. पाचव्या बाई म्हणाल्या, वरची चाळणी लावून दाखवा. वैदूने लावली. पडदा काळा पडला, त्यात केळ चमकली. मग ती म्हणाली की जीव तर आहेच, फक्त त्याचं वय तीन आठवडे आहे. सभागृहात हसू फुटलं, आणि त्या हसण्यात तिने आपला नियम मांडला. दगडाला काय काय लागलं याची यादी काम करणाऱ्याने एकट्याने करू नये. शेजारी परगावचा माणूस बसवावा, आणि त्याला जे जे नवं वाटेल ते सगळं लिहून घ्यावं. घरच्या माणसाला घरची वस्तू दिसत नाही. मंगळाचा दगड पृथ्वीवर आला तर त्याच्यासाठी पृथ्वी हेच घर आहे, सगळी धूळ घरचीच.

तिला जागा मिळाली. मी ओसरीत एकटाच दोन मिनिटं नाचलो. नलूने पाहिलं आणि दार लावून घेतलं, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून.

आणि मला काम मिळालं. दगड तपासताना फसवू शकेल असा सगळा घरगुती कचरा काचेवर लावून त्याचा संच करायचा, म्हणजे उद्या कोणाला काही दिसलं तर आधी त्यात ताडून बघतील. शेजारी बसायला परगावचा माणूस म्हणून त्या खकनारच्या गृहस्थांनाच बोलावलं. ते माझ्या ओसरीत बसून सूड उगवल्यासारखे बोट दाखवत होते. हे काय? हळद. हे काय? बाजरीचं पीठ. आणि हे? कापसाचं सूत. आणि चहात पडलं ते? एकूण एकेचाळीस काचा झाल्या. बेचाळिसाव्या काचेसाठी नलूने स्वतःचा एक पांढरा केस उपटून दिला आणि म्हणाली, माझं नाव नका लिहू, वय कळते.

वरची चाळणी मी नवी आणली. प्रत्येक काप आता तिच्यातून बघतो. बोटाला कळतं अजून, पण बोटाला विचारून झालं की तिलाही विचारतो.

गेल्या महिन्यात वैदू निंबोल्याला आली, तेव्हा आमच्याकडेही आली. तिचा निबंध छापून येणार होता, त्याची पानं घेऊन आली होती. मधल्या पानावर तो फोटो. मिट्ट काळ्यात चमकणारे वळसे. खाली यादी होती, माझीच: करवत, पाणी, पावडर, रेझिन, काच, रबरी हातमोजे. आणि शेवटी तिने जोडलेलं: केळीचं सोपट. त्याच्या खाली एक ओळ होती. काप: व. ना. महाजन, बुऱ्हाणपूर.

मी ती ओळ किती वेळ बघत बसलो कोण जाणे. इतके निर्दोष काप काढले, एकावर नाव आलं नाही. जो एक चुकला, त्याच्याखाली आलं. आणि ते जगभर वाचलं जाणार. वाईटही वाटत होतं आणि त्याच वेळी हसूही येत होतं, दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येत नाही.

वैदू माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने खिशातून पेन काढलं. "काका, आवडलं नसेल तर नाव काढते. अजून वेळ आहे."

नलू दारात उभी होती. 

"राहू दे," मी म्हटलं. "फक्त बुऱ्हाणपूर नीट छापलंय का तेवढं बघ. केळी इथलीच होती."